करार रद्द, साष्टी जमा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावं अठराव्या शतकातल्या तहनाम्यांत शोधायला गेलं तर सापडत नाहीत. तिथे एकच नाव येतं, साष्टी. माहीम-शीवच्या खाडीपासून उत्तरेला वसईच्या खाडीपर्यंत पसरलेलं आणि ठाण्याच्या खाडीने मुख्य भूमीपासून तोडलेलं हे बेट. आजची बहुतेक सगळी उपनगरं त्याच्यावरच वसली आहेत. मुंबई इंग्रजांना पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात आंदण मिळाली, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. साष्टी कशी मिळाली, असं विचारलं तर मोठी माणसंही घुटमळतात. पुण्याच्या गादीसाठी भांडणाऱ्या एका पेशव्याने त्या काळच्या चढत्या महासत्तेकडे फौज आणि तोफा मागितल्या आणि तिने मोबदल्यात हे बेट मागितलं. पुढे काही महिन्यांतच फौजेला थांबण्याचा हुकूम आला. करार रद्द झाला. बेट मात्र परत आलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क चढवलं. त्याच सुमारास ‘तेजस’ विमानांसाठीची अमेरिकन इंजिनं वेळेवर येत नसल्याच्या बातम्या रोज छापून येत होत्या. अमेरिका भरवशाची आहे का, हा प्रश्न तेव्हापासून बागेतल्या कट्ट्यांपासून चित्रवाणीवरच्या चर्चांपर्यंत चघळला जातो आहे. उत्तरं बहुधा दोनच येतात. एक म्हणतो, बेभरवशाची आहे, रशियाच बरा. दुसरा म्हणतो, आज दुसरं आहे कोण? मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. महासत्तेचा भरवसा म्हणजे नेमका कोणाचा भरवसा, हेच आधी ठरवावं लागतं, आणि ते समजून घ्यायला साष्टीइतकं चोख उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही.

सुरुवात मराठ्यांपासून नव्हे, पोर्तुगिजांपासून करू. कारण इंग्रजांचा मित्र होण्याचा पहिला धडा या बेटावर त्यांनी गिरवला. १६६१ च्या ज्या विवाहतहाने मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली, त्याच तहात पोर्तुगिजांच्या पूर्वेकडच्या मुलखाला संरक्षण देण्याचं आश्वासनही होतं. त्यावेळी डोळ्यांपुढे शत्रू होता तो डच. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणं पडलं, साष्टीचा बहुतेक भाग मराठ्यांकडे आला आणि वसईला वेढा पडायची चिन्हं दिसू लागली. पोर्तुगिजांनी सोयरीक आठवून शेजारच्या मुंबईकडे हात पसरले. मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याने थोडी दारू आणि गोळे दिले; माणसं द्यायला तो तयार नव्हता. पैशांची विनवणी झाली तेव्हा १५,००० रुपये कर्जाऊ दिले, तेही तारण ठेवून. तारण काय, तर चर्चमधली चांदीची भांडी आणि वसईच्या बचावासाठी लागणाऱ्याच काही पितळी तोफा! वेढ्यात सापडलेल्या मित्राला तोफा पुरवायच्या की त्याच्या तोफा गहाण ठेवून घ्यायच्या, या प्रश्नाचं ईस्ट इंडिया कंपनीने दिलेलं हे उत्तर आहे. मे १७३९ मध्ये वसई पडली. जुलैत कंपनीचा कॅप्टन इंचबर्ड याने मराठ्यांशी व्यापाराचा तह करूनही टाकला.

यात मुंबईकर इंग्रजांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मराठ्यांची फौज शीव-माहीमच्या खाडीपलीकडे येऊन उभी होती आणि मुंबईच्या किल्ल्याभोवती धड खंदकही नव्हता. त्यांनी आपला जीव वाचवला. पण मित्रराष्ट्राचा जीव आणि आपला जीव एकाच वेळी धोक्यात आला की काय होतं, ते त्या पितळी तोफा सांगतात.

मराठ्यांना हे आधीपासून कळत नव्हतं असंही नाही. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळा आणि गोलंदाज पुरवले, त्याचा जाब शिवाजी महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटून आणि तिथल्या इंग्रजांना कैदेत टाकून घेतला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांवर, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांवर, सविस्तर मजकूर आहे. हे व्यापारी साधे सावकार नव्हेत, त्यांच्यामागे राजे आहेत. त्यांची ताकद आरमार, तोफा आणि दारूगोळा यांत आहे. त्यांना किनाऱ्यालगत जागा देऊ नये, असा त्याचा आशय. हे सगळं लिहून ठेवलेलं असताना चाळीस वर्षांत काय घडलं ते पाहण्यासारखं आहे.

१७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांचा बंदोबस्त करण्यासाठी कंपनीशी करार केला. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते हे खरं. पण त्यांचं आरमार मराठी आरमार होतं, आणि पश्चिम किनाऱ्यावर इंग्रज जहाजांना अडवण्याची धमक त्यावेळी त्याच आरमारात होती. त्या वर्षी कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. हा तोच क्लाइव्ह, ज्याने पुढच्या वर्षी प्लासी जिंकली. गोळ्यांच्या माऱ्यात आंग्र्यांची जहाजं पेटली आणि बंदरातलं सगळं आरमार जळून खाक झालं. किल्ल्यात सुमारे दहा लाखांची लूट सापडली. तीत पेशव्यांना वाटा मिळाला नाही. किल्लाही इंग्रज सोडेनात. अखेर ऑक्टोबर १७५६ च्या तहात बाणकोट आणि आसपासची गावं दिली, तेव्हा विजयदुर्ग पेशव्यांच्या हाती आला.

नानासाहेबांच्या कारभारातला सगळ्यात महाग पडलेला निर्णय म्हणून पानिपतकडे बोट दाखवण्याची आपल्याला सवय आहे. माझ्या मते विजयदुर्ग त्याच पंक्तीत बसतो. पानिपतानंतर दहा-बारा वर्षांत मराठी फौजा पुन्हा दिल्लीत पोचल्या होत्या. पण जळालेलं आरमार त्या तोडीचं पुन्हा उभं राहिलं नाही. अठरा वर्षांनी ठाण्याच्या खाडीत इंग्रजांची जहाजं शिरली, तेव्हा त्यांना पाण्यावर रोखणारं कोणी उरलं नव्हतं.

साष्टी आणि वसई हवी, ही कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांची फार जुनी इच्छा होती. मुंबईला धान्य, लाकूड, जनावरं साष्टीतून येत, आणि बंदराची उत्तरेकडची कड या बेटाला लागून होती. थॉमस मॉस्टिन १७६७ मध्ये माधवराव पेशव्यांकडे वकील म्हणून गेला तेव्हा हाच विषय त्याच्या पोतडीत होता. माधवरावांनी दाद दिली नाही. नोव्हेंबर १७७२ मध्ये ते गेले, ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला आणि एप्रिल १७७४ मध्ये त्यांचा मुलगा सवाई माधवराव जन्मल्यावर काका राघोबादादांच्या गादीवरच्या हक्काला काही अर्थच उरला नाही. पुण्याच्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, दादांना बाहेर काढलं. दादांनी सुरतेतल्या इंग्रजांमार्फत मुंबईशी बोलणी सुरू केली.

इथे दादांबद्दल एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. शाळेच्या पुस्तकात त्यांची प्रतिमा सत्तेसाठी मुलूख विकणारा माणूस अशी असते. पण पहिल्या बोलण्यांत त्यांनी साष्टी आणि वसई द्यायला साफ नकार दिला होता. दुसरा मुलूख देतो, पैसे देतो, ही दोन ठिकाणं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वसईच्या वेढ्यात किती मराठी माणूस कामी आला होता हे ते विसरले नव्हते. मग कंपनीने काय केलं? गोव्याहून पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला निघाल्याची खबर मुंबईत आली. ते निमित्त पुरेसं झालं. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या कौन्सिलने डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्यावर फौज धाडली. पहिला हल्ला फसला, कमोडोर जॉन वॉटसन प्राणघातक जखमी झाला. २८ डिसेंबरला तटाला खिंडार पाडून इंग्रज आत शिरले आणि आतल्या शिबंदीची मोठी कत्तल झाली. वेसाव्याचा किल्लाही पडला. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळी साष्टी इंग्रजांकडे होती. लक्षात घ्या, ही मोहीम झाली तेव्हा कंपनी आणि पुणे दरबार यांच्यात युद्ध जाहीर झालेलं नव्हतं.

म्हणजे ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात दादांनी साष्टी ‘दिली’ ती आधीच गेलेली होती. महीच्या काठी हरिपंत फडक्यांकडून मार खाऊन ते सुरतेला पोचले होते, त्यांच्याकडे घासाघीस करायला काही शिल्लक नव्हतं. तहाची कलमं शस्त्रपुरवठ्याच्या आधुनिक करारासारखीच वाचता येतात. कंपनीने २,५०० माणसं द्यायची, त्यांत निदान ७०० गोरे हवेत, सोबत तोफखाना. दादांनी महिन्याला दीड लाख रुपये खर्च भागवायचा. साष्टी, वसई आणि आसपासची बेटं कायमची कंपनीची, वर गुजरातेतल्या काही परगण्यांचा वसूल. रोकड नव्हती म्हणून सहा लाखांहून अधिक किमतीचं जडजवाहीर अनामत ठेवावं लागलं. तारण ठेवायची ही रीत पोर्तुगिजांना ओळखीची वाटली असती.

कर्नल कीटिंगची फौज गुजरातेत उतरली. १८ मे रोजी अडासला लढाई झाली. इंग्रजांनी ती कशीबशी जिंकली. आणि मग कलकत्त्याहून पत्र आलं.

१७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने मुंबई आणि मद्रास कलकत्त्याच्या ताब्याखाली आणले होते. युद्ध आणि तह यांवर आता गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या कौन्सिलची परवानगी लागणार होती. मुंबईने ती घेतलीच नव्हती. कलकत्त्याने सुरतेचा तह बेकायदा आणि अन्यायाचा ठरवला, फौजा मागे घ्यायचा हुकूम सोडला आणि कर्नल अप्टनला थेट पुण्याच्या कारभाऱ्यांकडे पाठवलं. पुण्यात सखारामबापू आणि नाना फडणवीस यांना मोठा आनंद झाला असणार. युद्धच अन्यायाचं ठरलं, तर त्यात घेतलेला मुलूख परत येईल, हा साधा हिशेब. पण अप्टन साष्टी सोडायला तयार नव्हता. स्वतःच्याच माणसांनी केलेला करार चुकीचा म्हणायचा आणि त्या करारात मिळालेलं बेट मात्र ठेवायचं, हे न्यायाचं कोणतं गणित, ते पुण्याच्या कारभाऱ्यांना उमजेना. पुनर्विकासात अडकलेल्या उपनगरातल्या रहिवाशांना कदाचित उमजेल: प्रकल्प रद्द, काम बंद, ताबा बिल्डरकडे.

१ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला. सुरतेचा तह रद्द. साष्टी इंग्रजांकडे. शिवाय युद्धखर्चापोटी पुण्यानेच कंपनीला बारा लाख द्यायचे! दादांना महिना २५,००० रुपये नेमणूक आणि कोपरगावला राहायचं. कंपनीने यापुढे त्यांना मदत करायची नाही. गंमत अशी की त्याच वर्षी लंडनहून संचालकांचं पत्र मुंबईत आलं आणि त्यांनी सुरतेच्या तहाला पसंती दिली होती! जहाजाने पत्र यायला सहा-सहा महिने लागायचे, त्यामुळे लंडन एका जुन्या प्रश्नाला उत्तर देत होतं. मुंबईने तेवढा आधार धरून दादांना पुन्हा थारा दिला.

महासत्ता बेभरवशाची असते, असं म्हणताना आपण ती एखादी व्यक्ती असल्यासारखं बोलतो. दादांशी दगाबाजी कोणी केली? हॉर्नबीने नाही, तो शेवटपर्यंत त्यांच्या बाजूचा होता. हेस्टिंग्जने दादांना शब्दच दिला नव्हता. लंडनने तर करार मान्य केला. एकाने शब्द द्यायचा, दुसऱ्याने तो मोडायचा, तिसऱ्याने उशिरा पाठ थोपटायची, आणि तिघांच्याही भांडणात बेटाचा ताबा एक दिवसही हलायचा नाही. कंपनीची तीन तोंडं वेगवेगळं बोलत होती. साष्टीबद्दल मात्र तिघांत एकमत होतं.

नानांना हा तिढा दादांपेक्षा फार लवकर कळला होता. मुंबई आणि कलकत्ता यांच्यातली फट त्यांनी ओळखली, आणि दुसऱ्या महासत्तेची भीती घालायचाही प्रयत्न केला. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील चौलच्या बंदरात उतरला. नानांनी त्याचं पुण्यात थाटात स्वागत केलं. फ्रेंच पलटणी, देशी शिपायांना कवायतीचं शिक्षण आणि युद्धसाहित्य आणण्याचा वायदा त्याने केला. बदल्यात बंदर म्हणून चौल. पुढच्या वर्षी तो गेला आणि वायद्यातलं काहीही आलं नाही. पण या स्वागताने कलकत्त्याची झोप उडाली. ती उडावी हाच नानांचा हेतू असेल तर डाव फसला असं म्हणता येत नाही. मात्र त्या भीतीने हेस्टिंग्ज मुंबईच्या युद्धाकडे अधिक ओढला गेला, हेही खरं.

जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईची फौज कोंडीत सापडली. कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला ‘इष्टुर फाकडा’, कार्ल्याला आधीच मारला गेला होता. इंग्रजांनी साष्टीसह १७७३ पासून घेतलेला सगळा मुलूख परत द्यायचं लिहून दिलं आणि फौज सोडवून घेतली. मुंबईत पोचल्यावर तो करार नामंजूर झाला. सह्या करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, हे कारण. सुरतेच्या वेळी तेच कारण कलकत्त्याने मुंबईविरुद्ध वापरलं होतं. अखेर १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडे राहिली, आणि दादा कोपरगावला गेले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात ते वारले. ३१ डिसेंबर १८०२ ला त्यांच्या मुलाने, दुसऱ्या बाजीरावाने, वसईतच तैनाती फौजेच्या करारावर सही केली. त्याबद्दल मराठीत इतकं लिहिलं गेलं आहे की इथे नुसता उल्लेख पुरे.

तोफा आणि माणसं परक्यांकडून घ्यायची, पण सौदा करायचा तो राज्याशी नव्हे तर सुट्या माणसांशी, ही वाट महादजी शिंद्यांनी काढली. द बॉयन या युरोपीय अधिकाऱ्याने पलटणी उभ्या केल्या, आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाने तोफांचा कारखाना चालवला. त्या तोफा अस्सल होत्या. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या रणात आर्थर वेलस्लीच्या फौजेवर त्यांनी भयानक मारा केला. पण लढाई तोंडावर आली तेव्हा शिंद्यांच्या पदरच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नोकरी सोडावी, आम्ही त्यांचा पगार देऊ, असा जाहीरनामा इंग्रजांनी काढला. अनेकजण निघून गेले. सेनापती पेराँ हा फ्रेंच होता, तोही त्याच सप्टेंबरात इंग्रजांच्या आश्रयाला गेला. तोफ आपली, ती ओतायचं तंत्र आपल्या गावात आलेलं, तरी हुकूम देणारी वरची फळी परकी राहिली होती.

या सगळ्याचा आजच्या शस्त्रखरेदीशी संबंध लावताना जपून बोलायला हवं. भारत म्हणजे राघोबादादा नव्हे. तरी तीन तोंडांचा प्रकार ओळखीचा आहे. डिसेंबर १९७१ मध्ये कराचीवर हल्ला करणाऱ्या क्षेपणास्त्र नौका सोव्हिएत बनावटीच्या होत्या आणि मॉस्कोने त्या वापरण्यावर बंधन घातलं नाही. वीस वर्षांनी सोव्हिएत संघच उरला नाही तेव्हा सुट्या भागांसाठी आपल्याला वेगवेगळ्या नव्या देशांच्या कारखान्यांचे उंबरे झिजवावे लागले. नौदलाची ‘सी किंग’ हेलिकॉप्टरं ब्रिटिश कंपनीची, पण त्यांतले कित्येक भाग मूळ अमेरिकन. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि ब्रिटनकडून घेतलेली यंत्रं सुट्या भागांविना खोळंबली. करार एका देशाशी, नकाराधिकार दुसऱ्याकडे.

पण साष्टीच्या सगळ्यात जवळ जाणारी आधुनिक गोष्ट शस्त्रांची नाही. ती बोरिवलीहून डहाणूकडे जाणाऱ्या लोकलच्या वाटेवर, बोईसरपलीकडच्या तारापूरची आहे. १९६३ च्या करारानुसार अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने तिथे दोन अणुभट्ट्या बांधल्या. १९६९ मध्ये त्यांची वीज सुरू झाली. तीस वर्षं समृद्ध युरेनियम अमेरिकाच पुरवणार आणि आपण ते दुसऱ्या कोणाकडून घ्यायचं नाही, असं ठरलं होतं. मे १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला. १९७८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने नवा कायदा केला आणि जुन्या कराराला नव्या अटी लागू केल्या. १९८० मध्ये इंधन पाठवायचं की नाही यावर तिथल्या अणुनियामक आयोगाने नाही म्हटलं, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी हो म्हटलं, प्रतिनिधीगृहाने नाही म्हटलं आणि सिनेटने ४८ विरुद्ध ४६ मतांनी हो म्हटलं. मुंबई, कलकत्ता, लंडन! फरक इतकाच की आता पत्राला सहा महिने लागत नव्हते. १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांच्या भेटीत तोडगा निघाला, आणि फ्रान्सने इंधन द्यायला घेतलं. नंतर चीनने दिलं, पुढे रशियाने. वापरलेलं इंधन मात्र अमेरिकेने नेलंही नाही आणि त्यावर प्रक्रिया करायला संमतीही दिली नाही. ते तारापूरच्या आवारात साठत राहिलं.

हा अनुभव तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रातल्या लोकांच्या मनात पक्का होता. २००५ नंतर अमेरिकेशी नागरी अणुकराराची बोलणी झाली तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर होते. अणुभट्टी जितकी वर्षं चालेल तितक्या वर्षांचा इंधनसाठा भारताला आधीच करून ठेवता यावा, आणि पुरवठा थांबलाच तर इतर देशांकडून तो सुरू करून द्यायला अमेरिकेने मदत करावी, ही मागणी भारताने लावून धरली. कलमं करारात आली. सप्टेंबर २००८ मध्ये, काँग्रेसची मंजुरी मिळवताना, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आपल्या खासदारांना लिहून कळवलं की ही इंधनाची आश्वासनं राजकीय आहेत, कायद्याने बांधणारी नाहीत. दिल्लीने उत्तर दिलं की आम्ही करारातला मजकूर तेवढा मानतो. १० ऑक्टोबर २००८ ला करारावर सह्या झाल्या आणि त्यानंतरच्या वर्षांत भारताने युरेनियम विकत घेतलं ते मुख्यतः कझाकस्तान, रशिया, कॅनडा आणि उझबेकिस्तानकडून.